मागच्या खोल्यांचा केअरटेकर

माझ्या तोंडाला कोणी लागत नाही. गॅसवाला लागत नाही, मीटर बघायला येणारा लागत नाही, शेजारची लांब केसांची बाई तर मी गेटाशी दिसले की आत जाऊन दार लावते. शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं कारकुनी केली. तिथले दोन मुख्याध्यापक माझ्याशी काही बोलायचं असलं की आधी शिपायाला पाठवून माझा मूड कसा आहे ते बघून घ्यायचे. आमचे हे दिवसाला मोजून चार वाक्यं बोलतात आणि त्यातली दोन नुसती 'बरं' अशी असतात. अशी मी. आणि या कात्रीसारख्या चालणाऱ्या जिभेने तीन वर्षांत एकच वाक्य बोलायचं होतं, 'हा माझा भाऊ', तेवढं ती बोलली नाही. मला लाज वाटते. आधीच सांगून टाकते, म्हणजे मी इथे स्वतःची बाजू मांडायला बसलेय असं कोणी समजायला नको.

दादा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी नऊची आणि तो एकोणीसचा. आई त्याआधीच गेलेली. त्याला एकच काम येत होतं, पाट्या रंगवायचं. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, 'येथे वाहने उभी करू नये'च्या. सुतळीला खडू लावायचा, एक टोक मी धरायचं, दुसरं त्याने, आणि मधे चिमटीत ओढून सोडली की पत्र्यावर सरळ पांढरी ओळ उमटायची. मग तो मोठ्या अक्षरांच्या कडा काढायचा आणि आतला रंग मी भरायची. कडेबाहेर गेलं की टपली. शाळेची फी भरायला पैसे नव्हते त्या वर्षी त्याने शाळेची अख्खी पाटी फुकट रंगवून दिली, निळ्यावर पिवळी, अक्षरांना काळी सावली. मी वर्गातल्या पोरींना हाताला धरून ओढत गेटापाशी नेलं होतं. "बघा, बघा, माझ्या दादाने काढलंय!" एकीला दोनदा नेलं, तरी ती काही बोलली नाही म्हणून तिची वेणी ओढली.

त्याने मला शिकवलं, नोकरीला लावलं, लग्न करून दिलं. स्वतःचं राहून गेलं. कोणी विचारलं तर म्हणायचा, "रंगाचा वास कुठल्या बाईला आवडणार?" पुढे छापील फलक आले. आधी महिन्यातली निम्मी कामं गेली, मग सगळीच. ज्या इमारतीत त्याचं दुकान आणि वर राहायची खोली होती ती पाडायला काढली, तेव्हा मी गेले आणि त्याची ट्रंक स्वतः रिक्षात टाकली. "ये माझ्याकडे. नाटकं करू नकोस." तो आला, पण घरात राहीना. "बहिणीच्या घरात किती दिवस राहू? मागे ती शेड आहे ना, ती दे मला."

शेड म्हणजे चार पत्रे आणि आमच्या ह्यांची बंद पडलेली स्कूटर. वर्षभर खपून त्याने त्याच्या दोन खोल्या केल्या. गिलावा स्वतः, खिडक्या स्वतः, फरशी बसवताना तेवढा गवंडी बोलावला आणि त्याच्याशीही भांडला. बाहेर छोटा ओटा, ओट्यावर वेल चढवला. आत भिंतींना असा एक फिकट हिरवा रंग दिला की मी आत गेले आणि म्हणाले, "दादा, आपण अदलाबदल करू या का?" तो हसला. त्या खोल्यांत तो आठ वर्षं राहिला. दोन्ही वेळा जेवायला पुढे आमच्याकडे यायचा, जेवून झालं की माझा मिक्सर नाहीतर ह्यांचं घड्याळ घेऊन दुरुस्त करत बसायचा.

मग आमच्या चिरंजीवांच्या डोक्यात आलं. तो दूर नोकरीला असतो आणि लांबून आईबापांचं भलं करायची त्याला फार हौस. फोनवर म्हणाला, "आई, मागच्या खोल्या सुट्टीसाठी येणाऱ्यांना द्यायच्या. लोक दोन दोन, तीन तीन दिवसांसाठी घेतात. मी साइटवर टाकून देतो. तुमच्या गावाकडे लोक येतात किती!"

"आणि मामा?"

"मामा तेवढ्यापुरता पुढे येईल. तुम्हीच म्हणता ना, तो एकटा असतो मागे."

मी दादाला विचारलं. म्हणजे काय विचारलं, मिक्सरचं भांडं त्याच्या हातात देता देता सांगितलं. तो म्हणाला, "मला काय, रात्री पाठ टेकायला जागा पाहिजे." मी त्याला शिवणाच्या मशीनची खोली दिली, जिथे रिकामी सिलेंडरं आणि गाद्यांच्या गुंडाळ्या असतात. "पाहुणे नसतील तेव्हा तू मागेच," असंही म्हणाले. पाहुणे नसतील असे दिवस पुढे फार थोडे आले.

साइटवरचा फॉर्म भरायला मी आणि मुलगा फोनवर बसलो. तो विचारायचा, मी सांगायची. गरम पाणी आहे का, गाडी लावायला जागा आहे का. मग आलं, 'देखभालीसाठी केअरटेकर आहे का?'

"नाही," मी म्हणाले.

"अगं आई, मामा आहे ना. नळबिळ तोच बघतो की. केअरटेकर असला की लोक पटकन घेतात. हो वर टिक कर."

मी टिक केलं. हिरवं झालं. खालचा प्रश्न होता, 'आवारात आणखी कोण राहतं?' इथे मुलाने काही सांगितलं नाही, तेवढ्यात त्याला दुसरा फोन आला होता. मी स्वतःच्या बोटाने लिहिलं, 'यजमान पती-पत्नी'. तिथे 'यजमानांचे बंधू' लिहायला कोणी माझा हात धरला नव्हता. पण मला वाटलं, कोण कुठला म्हातारा भाऊ, इथे का राहतो, लग्न का नाही केलं, हे सगळं लोकांच्या डोक्यात येणार. कशाला? एवढंच वाटलं होतं. खरंच एवढंच.

पहिले पाहुणे आले ते दुपारी चारला. नवरा, बायको आणि एक मुलगी. बाई अशी टापटीप, की मला माझ्या गाउनवर ओढणी घ्यावीशी वाटली. दादा ओट्याजवळ स्टुलावर चढून दिव्याखालची भिंत परत रंगवत होता. अंगात जुनी पॅंट, तिच्यावर चाळीस वर्षांच्या पाट्यांचे सगळे रंग. पुढचा एक दात नाही. बाईने त्याच्याकडे बघितलं, मुलीला जवळ ओढलं आणि मला हळूच विचारलं, "हे इथेच राहतात? म्हणजे... तुमच्याकडे कामाला आहेत का?"

मी एका श्वासात म्हणाले, "हो, हो. इथलं सगळं तेच बघतात. फार विश्वासू आहेत."

विश्वासू! माझ्याच तोंडून आलं ते. वर 'आहेत' पण म्हणाले, जन्मात मी त्याला अहो-जाहो केलं नव्हतं. बाईचा चेहरा लगेच सैल झाला. आणि मला, काय सांगू, बरं वाटलं. माणूस ठेवू शकणाऱ्या घराची मालकीण म्हणून ती माझ्याकडे बघत होती, आणि मला ते आवडलं. दादा स्टुलावरून खाली उतरला. त्याला ऐकू गेलं होतं, तीन हातांवर तर होता. त्याने ब्रश डब्यात ठेवला, हात पुसले, आणि त्यांची बॅग उचलून आत नेली. दारातून वळून म्हणाला, "मॅडम, किल्ली द्या."

संध्याकाळी मी त्याच्याकडे बघितलं तर तो हसत होता. "काय गं मॅडम, पगार किती देणार?" मीही हसले. आम्ही दोघंही इतके हसलो की ह्यांनी पेपर खाली केला. हे म्हणाले, "तू असं का म्हणालीस?" मी म्हणाले, "त्या बाईला सगळी वंशावळ कुठे सांगत बसू?" हे म्हणाले, "बरं." त्या दिवसाचं चौथं वाक्य होतं ते.

गंमत होती, असं मी धरून चालले. पण गंमत एकदाच करतात. दुसरे पाहुणे आले तेव्हा दादा गेटापाशीच उभा राहिला, "या, या, मॅडम आत आहेत." तिसऱ्यांना त्याने गरम पाणी कसं सुरू करायचं ते दाखवलं. चौथे गेल्यावर साइटवर आलं, 'जागा स्वच्छ, यजमान प्रेमळ. केअरटेकर काका अतिशय नम्र आणि मदतीला तत्पर.' पाच तारे. मुलगा फोनवर खुश. "आई, मामा तर हिट आहे!" मी दादाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "नम्र? मी? त्या गवंड्याला विचार." पण त्याने ते वाक्य मला परत वाचायला लावलं. त्याच्या कामाबद्दल चार चांगले शब्द कोणी बोलून किती वर्षं झाली होती, तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

मग मी एक काम केलं, ते आठवलं की कान गरम होतात. बाजारातून त्याच्यासाठी शर्ट आणले. आकाशी रंगाचे, एका खिशाचे, दोन, अगदी एकसारखे. भेट म्हणून आणले असं मी स्वतःला सांगितलं. "दादा, रंगाच्या कपड्यांत नको फिरूस, बरं दिसत नाही." त्याने उघडून बघितले, एक उचलला, दुसरा उचलला. "दोन्ही सारखेच?"

"एक धुवायला टाकला की दुसरा."

"हं. युनिफॉर्म."

"युनिफॉर्म कसला! तुला काही आणायची सोयच नाही!" मी उसळले. चोरी पकडली गेली की मला उसळायला येतं. तो दुसऱ्या दिवसापासून ते घालायला लागला.

एक बाई जाताना माझ्या हातात पिशवी देऊन गेली. "ह्यांच्या दोन पॅंटी आहेत, चांगल्या आहेत अजून, कमरेला घट्ट होतात. तुमच्या माणसाला द्या." मी 'नको' म्हणू शकले असते. तिच्या तोंडावर सांगू शकले असते, बाई, त्या माणसाने मला कडेवर घेऊन वाढवलंय, तो तुमच्या नवऱ्याच्या उतरलेल्या पॅंटी घालणार नाही. पण ती इतक्या प्रेमाने देत होती. मी पिशवी घेतली. वर म्हणाले, "अय्या, कशाला!" आणि ती पिशवी घेऊन मी शिवणाच्या खोलीत गेले आणि मशीनवर ठेवली. ठेवली आणि पळाले. दोन दिवसांनी बघते तर त्याने पॅंटींचे चौकोनी तुकडे कापून ठेवलेले. "काय कापड आहे गं," तो म्हणाला. "ब्रश पुसायला एक नंबर." मी हसले नाही आणि तोही हसला नाही.

आणि कधी कोण जाणे, तो मला 'तुम्ही' म्हणायला लागला. पाहुण्यांसमोरच म्हणायचा, पण पाहुणे तर आता सदाच असायचे. ओट्यावर कोणी बसलेलं असायचं, खिडकी उघडी असायची. "मॅडम, तुम्ही चावी ठेवली का?" "मॅडम, तुमचा फोन वाजतोय." पहिल्यांदा मला हसू आलं होतं. मग सवय झाली. सवय झाली, हे लिहिताना हात थांबतो माझा.

सगळ्यात वाईट ते ताटाचं. एका रविवारी आम्ही तिघं जेवत होतो, टेबलावर, रोजच्यासारखे. मागे एक तरुण जोडपं होतं. त्यातली मुलगी मीठ मागायला आली आणि सरळ आत आली, दार उघडंच होतं. तिचं पाऊल उंबऱ्यावर पडायच्या आत दादा ताट हातात घेऊन उभा राहिला. उभा राहिला आणि दोन पावलं मागे, स्वयंपाकाच्या ओट्याकडे सरकला, जसं काही तो ताट उचलायलाच आला होता. तोंडातला घास तोंडातच. भात अर्धा होता ताटात. मुलगी मीठ घेऊन, थँक्यू काकू म्हणून गेली. ह्यांनी जेवण थांबवलं.

आणि मी काय केलं? मी दादावर ओरडले. "उभा कशाला राहिलास? कोण खाणार होतं का तुला? सारखी आपली नाटकं! मला मुद्दाम खाली बघायला लावतोस!"

त्याने घास गिळला. "अगं, तिने साइटवर वाचलेलं असणार," तो म्हणाला. "केअरटेकर मालकांबरोबर जेवतो म्हटल्यावर तिला काय वाटलं असतं? तुझी पंचाईत झाली असती." त्या दिवशी 'तुझी' म्हणाला. मग बसला आणि उरलेला भात संपवला, कारण अन्न टाकलेलं त्याला खपत नाही. माझा मात्र घास फिरला तोंडातल्या तोंडात.

त्या दुपारी मी साइट उघडली. टिक काढायला गेले तर खाली आलं, 'ही सोय काढल्यास तुमच्या पुढील बुकिंगवर परिणाम होऊ शकतो.' मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, सीझन संपू दे ना. आता सगळ्यांनी केअरटेकर बघूनच बुक केलंय." मी म्हणाले, "तो तुझा मामा आहे." तो म्हणाला, "हो मग? मामाला काही प्रॉब्लेम आहे का? तो तर एन्जॉय करतो." मी फोन ठेवला. टिक तशीच राहिली. सीझन संपला, दुसरा आला. पुढच्या पाहुण्यांना नक्की सांगायचं, असं मी प्रत्येक वेळी ठरवायची. पुढचे पाहुणे आले की वाटायचं, या नव्यांना सांगितलं तर मागच्यांना काय सांगितलं होतं ते सगळं वर येणार. एकदा खोटं बोललं की खरं बोलायला कारण द्यावं लागतं. आणि कारण काय देणार होते मी? भावाची लाज वाटली, हे?

पाहुण्यांत एक चष्मेवाले होते. पन्नाशीचे, गोड बोलणारे, वर्षातून दोनदा यायचे, एकटेच, पुस्तकं घेऊन. तळ्याकाठी त्यांची सहा खोल्यांची राहायची जागा होती, लोकांना भाड्याने द्यायची, आमच्यासारखीच पण मोठी. दादाने मागे छोट्या छोट्या पाट्या रंगवून लावल्या होत्या. नळावर 'गरम' आणि 'गार', दिव्याच्या बटणाशी 'बाहेरचा दिवा', दाराला आतून 'किल्ली घेतलीत का?' चष्मेवाले त्या पाट्यांपुढे उभे राहायचे. "हे हाताने काढलंय? आता असं कोण काढतं हो!" दादा लाजायचा. मग एकदा त्यांना त्याने सुतळीने ओळ कशी मारायची ते दाखवलं, आणि एक टोक चष्मेवाल्यांनी धरलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. तो ज्या उत्साहाने बोलत होता तसा माझ्याशी कितीतरी दिवसांत बोलला नव्हता.

गेल्या खेपेला निघायच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला चष्मेवाले अंगणात खुर्ची टाकून चहा घेत बसले होते. हे समोर पेपर घेऊन. मी टोस्टची बशी घेऊन गेले. दादा पलीकडे वेलाची वाळलेली पानं काढत होता, आकाशी शर्टात.

"मॅडम," चष्मेवाले म्हणाले, "रागावणार नसाल तर एक मागू का?"

"मागा की."

"तुमचा माणूस आम्हाला द्याल? म्हणजे मला कळतंय, असं मागणं बरं नाही. पण माझ्याकडे सहाही खोल्यांच्या पाट्या करायच्यात, बाग आहे, आणि कायमचा एक भरवशाचा माणूस हवाय. पगार चांगला देईन, राहायला स्वतंत्र खोली. त्यांच्याशी कालच बोललो. ते म्हणाले, मॅडमना विचारा."

बशी माझ्या हातात होती. ह्यांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मग मोठ्याने, चष्मेवाल्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आता तरी सांग ना गं."

 खरं सांगते, मला त्या क्षणी सुद्धा आधी हेच वाटलं, की आता चष्मेवाल्यांना माझ्याबद्दल काय वाटेल. तरी मी बोलले. "तो माझा माणूस नाही," मी म्हणाले. "कामाला नाही तो. माझा भाऊ आहे. सख्खा थोरला भाऊ."

चष्मेवाल्यांचा कप अर्ध्यावर थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दादाकडे, त्याच्या शर्टाकडे, हातातल्या पानांकडे. त्यांचा चेहरा पडत चालला होता. तीन वर्षांत त्यांनी दादाला गाडी पुसायला सांगितली होती, बूट आणून द्यायला सांगितले होते, ते सगळं बहुतेक त्यांना आठवत होतं. आणि माझ्याकडे जेव्हा त्यांची नजर परत आली तेव्हा तिच्यात जे होतं ते मला बघवेना.

दादा पानं टाकून पुढे आला. हात शर्टाला पुसले. हसला, तेच दात नसलेलं हसू.

"मॅडम असंच म्हणतात, साहेब," तो म्हणाला. "पहिल्यापासून. मला भावासारखंच मानतात. परकेपणा नाही त्यांच्यात."

"अच्छा!" चष्मेवाले एवढ्या जोरात हसले की कपातला चहा बशीत सांडला. जीव भांड्यात पडला त्यांचा. "अहो मॅडम, घाबरलो ना मी! पण खरंच, तुमच्यासारखी माणसं राहिलीत कुठे? कामाच्या माणसाला सख्खा भाऊ म्हणणारी!"

ह्यांनी तोंड उघडलं, पण दादाने ह्यांच्याकडे बघून मान हलवली. हे उठून घरात गेले. मी तिथेच उभी होते. एक शब्द बोलायचा होता, 'नाही'. पुन्हा एकदा म्हणायचं होतं, खरंच भाऊ आहे, हा खोटं बोलतोय. चष्मेवाले माझी स्तुती करत होते आणि मी बशी पुढे करून म्हणाले, "टोस्ट घ्या ना."

मग मी शिवणाच्या खोलीत गेले. दादा ट्रंक भरत होता. ब्रश कापडात गुंडाळत होता.

"असं का म्हणालास तू?" मला रडू फुटलं. "मी सांगितलं ना! एवढ्या वर्षांनी एकदा सांगितलं, आणि तू मला..."

"त्याचं तोंड बघितलंस का तू? मी बघितलं. तुझ्या घरात बसून, तुझ्या हातचा चहा पिऊन तो तुला मनात काय म्हणाला असता? माझ्या बहिणीला असलं कोणी म्हणायचं नाही."

"मग नको जाऊस. मी टिक काढते. आत्ता काढते. मागच्या खोल्या तुझ्याच आहेत, तू बांधल्यास. मी सगळ्यांना सांगेन."

तो ट्रंकेच्या कडेवर बसला. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. माझ्याशी भांडला असता तर मी भांडले असते, भांडणात मी कधी हरत नाही.

"अगं, मला खरंच जायचंय," तो म्हणाला. "तुझ्यावर राग म्हणून नाही. इथे सकाळी उठलो की मी कोण ते आज कोण पाहुणे आहेत त्यावर ठरतं. जेवायला कुठे बसू, तुला काय म्हणू, हसू की नको. तिथे मी नोकर. ठरलेलं. जेवायला नोकराच्या जागी बसायचं, कोणी आलं तरी उठायचं नाही. बरं वाटेल मला. आणि पाट्या काढायच्यात." मग म्हणाला, "ऊठ, डोळे पूस. पाहुणे निघालेत."

अकराला गाडी निघाली. ट्रंक त्यानेच डिकीत ठेवली, मला हात लावू दिला नाही. शेजारची लांब केसांची बाई गेटातून बघत होती. हे दादाला मिठी मारणार होते, मला दिसलं ते, पण चष्मेवाले बघत होते म्हणून दादाने आधीच ह्यांना वाकून नमस्कार केला, आणि हे तसेच हात पुढे करून राहिले. ह्यांच्याहून सहा वर्षांनी मोठा आहे तो.

मी गाडीच्या खिडकीपाशी गेले. दादा पुढच्या सीटवर बसला होता, पट्टा लावत होता, माझ्याकडे बघत नव्हता. चष्मेवाल्यांनी पलीकडून वाकून, हसून मला सांगितलं, "काळजी करू नका हं मॅडम. आम्ही त्यांना अगदी घरच्यासारखं ठेवू."

मी म्हणाले, "थँक्यू."